रिकाम्या बाकांचा श्रावण

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि त्या वर्षी श्रावण दोन होते.

एक अधिकाचा, एक निजाचा. अधिक महिना पुण्याचा, असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात. मी म्हातारा आहे पण मी म्हणत नाही. महिना लांबला की वाट बघणं लांबतं, एवढंच मला त्यातलं कळतं. आमच्या घरात त्या वर्षी वाट बघणं चाललं होतं ते माझ्या नातीचं. दर्शना तिचं नाव, माझ्या मोठ्या मुलाची मुलगी. अर्थशास्त्र घेऊन ती बीए झाली होती आणि तिला एमए करायचं होतं. तेही अर्थशास्त्रातच, आणि तेही वर्गात बसून.

यंदा परत अधिक महिना आला, जेठाचा. परवा सुनेबरोबर, म्हणजे दर्शनाच्या आईबरोबर, मुरबाडला गेलो होतो. झेरॉक्सच्या दुकानासमोर पोरंपोरी उभी होती, छातीशी प्लास्टिकच्या फायली धरलेल्या. आतून गरम कागदाचा वास आला आणि माझे पाय तिथंच थांबले.

"बाबा, चला, एसटी जाईल," सून म्हणाली.

"जाऊ दे," मी म्हटलं.

तिला कळलं. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. एका पोरीनं आपली मार्कशीट उन्हाला धरून बघितली, जशी नोट खरी आहे का बघतात तशी. मग फायलीत परत घातली.

एमए झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला शेवटपर्यंत आशेवर ठेवायचं आणि मग हात वर करायचे, हे मला जमणार नाही. आम्हाला तसं ठेवलं गेलं होतं, त्याची चव मला ठाऊक आहे. दर्शना आता मुरबाडच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. बरी आहे. हसते, जेवते, सणाला साडी नेसते. एमएचं नाव काढत नाही.

तिचे मार्क चाळिशीच्या वर होते आणि पन्नाशीच्या खाली. दुसऱ्या वर्षाचा संख्याशास्त्राचा पेपर राहिला, परत बसली तेव्हा निघाला. असं झालं की लोक कारणं सांगतात. घरात कोणी वारलं होतं, आई दवाखान्यात होती. आमच्या घरात कोणी वारलं नव्हतं. पहिलं वर्ष करोनात गेलं, मोबाईलवर, आणि आमच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही, घरामागच्या टेपाडावर चढलं की येते. दुसऱ्या वर्षाला एसटीचा संप झाला, आमच्या वैशाखऱ्याहून मुरबाड अचानक परमुलखात गेल्यासारखं लांब झालं. हे सगळं खरं. पण पोरीला आकडेमोड जड जायची हेही खरं, आणि ती ते कोणापासून लपवायची नाही. मला तिचं तेच आवडायचं. मी स्वतः चौथीतून उठलो. मास्तरांनी अंगठे धरून उभं राहायला सांगितलं, मी धरले नाहीत. पाटी घेऊन घरी आलो तो आलोच.

"अर्थशास्त्रच कशाला गो?" असं मी तिला विचारलं होतं, ते अजून डोळ्यासमोर आहे. ती बीएला जायच्याही आधीची गोष्ट. पावसाळ्यात शनिवार-रविवार माळशेज घाटात धबधबे बघायला शहरातली माणसं येतात. गाड्यांची रांग लागते, गाणी वाजतात. आम्ही रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधून काकड्या घेऊन बसतो. धुकं एवढं खाली येतं की गाडीचा दिवा आधी दिसतो, गाडी मागून. दर्शना काकडीला चीर देऊन मीठ-मसाला भरायची, आणि तिचं तोंड चालू.

"आजा, धसईच्या बाजारात हीच काकडी कोण हात लावून बघत नाय. इथं गाडीवाला काच खाली करून मागतो, भाव पण करत नाय. काकडी तीच ना?"

"तीच."

"मग बदललं काय?"

"गिऱ्हाईक बदललं."

"गिऱ्हाईक तर आपण पण हाव की. आपण घ्यायला गेलो का महाग, इकायला गेलो का स्वस्त. असं कोण ठरवतं?"

"मला काय ठाव? ताडपत्री ओढ, पाणी आत येतंय."

तिनं ताडपत्री ओढली. पण तो प्रश्न तिच्या डोक्यातून गेला नाही. कुठल्यातरी वर्गात कोणीतरी फळ्यावर त्याचं उत्तर लिहून देतं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. देतं की नाही, मला अजून ठाऊक नाही. पण माणसाला एक प्रश्न असा चिकटावा आणि त्याच्यामागं त्यानं जावं, हे काय वाईट आहे? मला तर असा एकही चिकटला नाही. मला फक्त हट्ट चिकटले.

बीए झाल्यावर तिनं मुंबईला, पुण्याला, कल्याणला, मिळतील तिथं अर्ज केले. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, वेगळ्या मापाचा फोटो. पुण्याच्या एका कॉलेजानं तुम्हाला हा विषय का शिकायचा ते लिहा म्हटलं. तिनं काकडीचं लिहिलं. ते त्यांना आवडलं असावं, कारण त्यांनी मोबाईलवर मुलाखत ठेवली. आम्ही दोघं टेपाडावर चढलो. पाऊस पडत होता. ती एका दगडावर बसली आणि मी छत्री घेऊन मागं उभा.

"आजा, छत्री माझ्यावर नको, मोबाईलवर धर," तिनं बजावलं.

मोबाईलमध्ये तीन तोंडं होती. काय काय विचारलं ते मला कळलं नाही, अर्धं इंग्रजीत होतं. मग एका बाईंनी मराठीत विचारलं, "दुसऱ्या वर्षाला काय झालं होतं, दर्शना?"

छत्रीवरून पाणी माझ्या बाहीत उतरत होतं.

"मॅडम, मला तो पेपर आला नाही," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा बसले तेव्हा थोडा आला."

तिकडून कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही. थँक यू दर्शना, म्हणून तिन्ही तोंडं विझली. रागावले असते तर बरं झालं असतं. उतरताना चिखलात तिचा पाय सरकला, माझा हात धरून ती म्हणाली, "संपाचं सांगायला पायजे होतं का रे आजा?"

"संप सगळ्यांनाच होता," मी म्हटलं.

सून अजून मला बोलते. बाबांनी पोरीला ताठपणा शिकवला आणि तिथंच घात झाला, म्हणते. म्हणो. पोरगी खरं बोलली, त्यात मला आजही काही वावगं दिसत नाही. पुण्याहून परत काही आलं नाही, तेही खरं.

प्रवेशाच्या याद्या लागायच्या त्या नेमक्या आवणीच्या दिवसांत. आवण म्हणजे भाताची रोपं, आणि ती उपटून खाचरात लावायची ती आवणी. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, आणि आला तो थांबेना. गुडघाभर चिखलात बाया ओळीनं वाकलेल्या, त्यांच्यात दर्शना. कमरेला प्लास्टिकच्या पिशवीत मोबाईल खोचलेला. तिथं रेंज नव्हती, पण खोचलेला असायचा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती टेपाडाकडे धावायची आणि बाया मागून हाळ्या द्यायच्या.

"काय गो दर्शे, लागला का नंबर?"

"लागंल गो काकी."

"लागला का आमाला ओळख देशील ना? का नाकाला रुमाल लावून जाशील आमच्या म्होरून?"

"रुमाल तुलाच देईन. चुलीम्होरं बसून डोळं पुसायला होईल."

हशा व्हायचा. काकी म्हणजे आमची शेजारीण, जीभ तिखट पण पोरीवर जीव. दर्शना वर चढायची आणि मी खालून बघायचो. उभी राहायची, मान खाली, अंगठा मोबाईलवरून वर सरकतोय. यादी संपली की अंगठा थांबायचा. मग ती परत पहिल्यापासून सुरू करायची. दुसऱ्या वेळेला नाव उगवेल, असं काहीतरी. मग बांधावरून सावकाश परत यायची, आणि तिच्या चालण्यावरून सगळ्यांना कळायचं. तेव्हा हाळी कोणी द्यायचं नाही.

आवणाचं वय असतं. वेळेत उपटून लावलं नाही तर जागच्या जागी जून होतं, मुळं एकमेकांत गुंततात, मग लावलं तरी फुटवे धरत नाही. मी बांधावर उभा राहून पिवळं पडत चाललेलं आवण बघायचो आणि मला नात दिसायची. असं मनात येऊ नये. पण येतं ते येतंच.

पहिली यादी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. अधिक श्रावण उतरणीला लागला. आवणी आटपली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. आवणी संपली की उरलेल्या आवणाच्या जुड्या बांधून बांधावर ठेवून द्यायच्या. विकायच्या नाहीत, गुरांपुढे टाकायच्या नाहीत. ज्याचं खाचर रिकामं राहिलं असेल त्यानं यायचं आणि घेऊन जायच्या. विचारायचं नाही. नंतर भेटलं तर उपकार झाले म्हणायचं नाही, म्हटलं तर लोक हसतात. एका वर्षी माझं आवण खेकड्यांनी कापून टाकलं. मी जन्मात कोणापुढे हात पसरलेला नाही, पण त्या वर्षी दुसऱ्याच्या बांधावरून जुड्या उचलल्या आणि माझी मान जराही खाली गेली नाही. कारण मागितलंच नव्हतं. इकडे आवण उरलंय, तिकडे खाचर मोकळं आहे, मग दोघांनी एकमेकांकडे बघत का बसायचं?

निजाचा श्रावण लागला आणि किन्हवलीहून दर्शनाच्या मैत्रिणीचा फोन आला. शहापूरच्या बाजूला एका नव्या कॉलेजात एमएचा वर्ग सुरू झालाय, आठच मुलं आहेत, बाकीचे बाक रिकामे पडलेत. दर्शनानं मोबाईल खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. आमच्या दोघांच्या डोक्यात एकाच वेळी एकच गोष्ट आली, आणि ती चुकीची असेल असं दोघांनाही वाटलं नाही.

सकाळची एसटी धरून सरळगावला उतरलो, तिथून किन्हवलीवरून शहापूरची गाडी. तिनं ठेवणीतला पंजाबी ड्रेस घातला होता. मी धुतलेली टोपी. सून म्हणाली, चार काकड्या तरी न्या साहेबाला. मी नेल्या नाहीत. मागायला थोडंच चाललो होतो?

कॉलेजला नव्या रंगाचा वास होता. ऑफिसच्या खुर्चीत कोणी नव्हतं, तिथल्या बाई कुठंतरी गेल्या होत्या. समोर वर्गाचं दार उघडं. पुढच्या दोन बाकांवर मुलं, आणि मागं सगळं मोकळं. काही बाकांवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं.

"बस," मी म्हटलं.

"आजा, इचारून तरी—"

"रिकामं हाय. बस."

ती बसली. मी बाहेर पायरीवर टेकलो, तिथून ती खिडकीतून दिसत होती. थोड्या वेळानं सर आले, तरुण, किडकिडीत. त्यांनी मागच्या बाकाकडे एकदा बघितलं, नवीन मुलगी आली असं समजले असतील, आणि शिकवायला लागले. शेतीमालाचंच काही चाललं होतं. एका साली भाव पडला तर पुढच्या साली शेतकरी काय करेल, असं त्यांनी विचारलं. पुढची मुलं वह्यांत बघत राहिली. दर्शनाचा हात वर गेला, अर्धाच.

"सर, कमी लावंल. मग माल कमी येईल आणि भाव चढंल. मग चढला म्हणून परत सगळे तेच लावतील."

"आणि मग?"

"मग परत पडंल."

सर म्हणाले, "बरोबर." मग खडू घेऊन फळ्यावर रेघा काढायला लागले, आडवी, उभी, आडवी, उभी, आत आत जात कोळ्याचं जाळं होतं तशा. दर्शना वाकून वहीत उतरवत होती. मध्येच तिनं मान वर केली, फळ्याकडे बघितलं, आणि तिचं तोंड उघडं राहिलं. ते तोंड मी विसरलेलो नाही. ताडपत्रीखाली बसून विचारलेल्या गोष्टीचं काहीतरी तिला तिथं दिसलं असावं. सगळं नाही, टोक तरी. तेवढा एक तास माझी नात एमएला होती.

तास संपल्यावर सरांनी हजेरी घेतली आणि तिचं नाव निघालं नाही. ते रागावले नाहीत. आम्हाला घेऊन स्वतः ऑफिसात आले. ऑफिसातल्या बाई परत आल्या होत्या. त्यांनी मार्कशीट बघितली, मग आमच्याकडे बघितलं.

"काका, पन्नास टक्के लागतात इथे."

"बाक तर रिकामे हाईत, बाई."

"आहेत ना."

"मग वरीसभर रिकामेच ठेवनार?"

"वर्षभर."

"रिकामे ठेवून त्यांचं करता काय?"

बाईंनी चष्मा काढला. चिडून नाही, थकून बोलल्या. "काहीच करत नाही, काका. रिकामे ठेवतो. मी हिला बसवलं तर वरून नाव काढतील, तेव्हा हिचं वर्ष जाईल आणि माझी नोकरी."

"खाचर मोकळं टाकाल, पण आवण लावू देनार नाय. कुठली रीत ही?"

त्यांना ते कळलं नाही. त्यांनी दर्शनाला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, "बाहेरून कर ना एमए. त्याला टक्क्यांची अट नसते. पुस्तकं घरी येतील." सर दाराशी उभे होते. "मुलगी चांगली आहे," ते मला म्हणाले.

"ते आमाला ठाव हाय," मी म्हटलं, आणि निघालो.

परतीच्या एसटीत खिडकीतून दोन्ही बाजूंना भात दिसत होतं, नुकतं मुळं धरलेलं, गर्द हिरवं. वाटेत एकही खाचर मोकळं नव्हतं. मी मुद्दाम बघत होतो.

"बाहेरून करतेस का गो?" मी विचारलं.

"नको आजा. घरी बसूनच तर नापास झाले मी."

"मग पुढच्या साली बघू."

"पुढच्या साली पण टक्के तेवढेच राहनार ना."

एका साली पीक बुडालं तर पुढच्या साली जमीन विचारत नाही की तू मागं काय केलंस. नांगरलं की ती नवीन. मी माझी सगळी उमर त्याच्यावर काढली, पडलो की उठलो, परत पेरलं. पोरीला मी हेच शिकवलं होतं, दुसरं मला येत नव्हतं. आणि तिच्या फायलीतल्या कागदावर ते चालत नव्हतं. विशीतल्या पोरीचं एक बुडालेलं साल तिथं कायमचं छापलेलं होतं, आणि ते मिटवायला माझ्याकडे ना नांगर, ना हट्ट.

सरळगावला दुसऱ्या गाडीची वाट बघत उभे होतो. ती म्हणाली, "उद्यापासून कंपनीत जाते. काकीची सून जाते ना, तिकडं. पॅकिंगला बाया पायजेत म्हणाली. गाडी फाट्यावर येते."

"उद्याच?"

"परवा गेले तर काय येगळं होनार?"

फाईल तिनं पोटाशी धरली होती, पाऊस नव्हता तरी ओढणीखाली. गाडी लागल्यावर चढताना ती मागं न बघता बोलली, "फाट्यावर सगळे इचारतील आजा. लागला का नंबर म्हणून. मी काय सांगू?"

मी सगळ्यांना उत्तरं देत जन्म काढला. तलाठ्याला दिली, पुढाऱ्याला दिली, मास्तरला दिली. तिला दिलं नाही. वैशाखरे येईपर्यंत आम्ही दोघं पुढच्या सीटच्या दांड्याकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठलो. सून चूल पेटवत होती, तिला काही न सांगता टोपी घातली आणि फाट्यावर गेलो. कंपनीच्या गाडीसाठी बाया उभ्या होत्या, काकीची सून होती, दूधवाला किटल्या बांधत होता, मुरबाडला निघालेली दोन-चार माणसं चहा पीत होती. मी त्यांच्या मधोमध उभा राहिलो.

"ऐका रे सगळे," मी म्हटलं. "दर्शनाचा नंबर लागला नाय. मार्क कमी पडले. कुठंच लागला नाय आन् आता लागनार पण नाय. कोणाला काय इचारायचं असंल तं मला इचारा, मी हितं उभा हाय. ती आली का तिला कोणी इचारायचं नाय."

दूधवाल्याचे हात किटलीवरच थांबले होते. ती डबा घेऊन आली तेव्हा काकीची सून जरा सरकली आणि म्हणाली, "हिकडं ये गो, हितं कोरडं हाय." दर्शना तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. माझ्याकडे तिनं बघितलं, मी घाटाकडे बघितलं. गाडी आली, बाया चढल्या, ती चढली.

गाडी वळणाआड गेली तरी मी उभाच होतो. मग चहा पिणाऱ्यांतल्या एकानं, हळूच, विचारलं, "किती पडले होते, बाबा?"

मी सांगितले.